कितवा नंबर?

तीन आठवड्यांपूर्वी वीकेंडला पेणला घरी गेलो होतो. पेणला गेलो की रोह्याला ताईकडे चक्कर टाकायचीच, नाहीतर पुढचे सहा महिने "पुण्याहून पेणला यायला वेळ असतो, पेणहून रोह्याला यायला नसतो" हे ऐकावं लागतं. म्हणून शनिवारी दुपारी दिवा-रोहा गाडी पकडली. कासू, नागोठणे, निडी, रोहा. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते. लहानपणी मला वाटायचं की रोह्याच्या पुढे दुसरा देश असणार.

ताईची मुलगी मुक्ता चौदा वर्षांची आहे आणि ती टेनिस खेळते. तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर हरकत नाही, आमच्याही गेल्या होत्या. रायगड जिल्ह्यात पोरं कबड्डी खेळतात, नाहीतर टेनिस बॉलने क्रिकेट खेळतात. आमच्याकडे 'टेनिस' म्हटलं की आधी चेंडू आठवतो, रॅकेट नाही :-) पण एका कंपनीच्या कॉलनीत सिमेंटचं एक कोर्ट आहे, तिथे मुक्ता सातव्या वर्षी गेली आणि तिथलीच झाली. आता स्पर्धा असली की भावोजी पहाटे गाडी काढतात आणि कोलाडवरून ताम्हिणी घाटाने तिला पुण्याला नेतात. मॅच कधी पाऊण तासात संपते. येताना दोघं फारसं बोलत नाहीत म्हणे.

जेवणं झाल्यावर भावोजी मुद्द्यावर आले. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, एक एक्सेल करून दे. पुढची दहा वर्षं हिच्या टेनिसला किती लागतील, आणि जगात कितवा नंबर आला की खर्च भरून निघतो, एवढं काढ. मग ठरवू, पुढे खेळवायचं की दहावीकडे लक्ष द्यायला सांगायचं."

मुक्ता ताटं उचलत होती. तिने ऐकलं, पण ती काही बोलली नाही.

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. रकाने आखले, फॉर्म्युले टाकले आणि त्या "कितवा नंबर" वाल्या सेलपाशी अडकलो. तो आकडा शोधता शोधता टेनिसचा इतिहासच वाचत बसलो. पहिल्या दहांचा नव्हे, तो सगळ्यांना माहीत असतो. दोनशेवा, पाचशेवा, आठशेवा खेळाडू जगतो कसा, त्याचा इतिहास. त्यात आपली मराठी नावं बरीच निघाली. ते सगळं इथे मांडतोय.

नंबर नव्हता तेव्हा

१९३४ साली विम्बल्डनला लीला राव नावाच्या एका मुलीने पहिल्या फेरीची मॅच जिंकली. विम्बल्डनला मॅच जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई म्हणजे संस्कृतात काव्यं आणि कथा लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव, आणि आजोबा म्हणजे वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळायच्या. मुलीने पुढे आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहिली. घरात वेद, नाटक आणि रॅकेट एकत्र!

लीला राव जगात कितवी होती? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तेव्हा अधिकृत नंबरच नव्हता. पत्रकार वर्षाअखेरीस पहिल्या दहांची यादी छापत, तेवढीच. शिवाय खेळ हौशी होता, बक्षिसाचे पैसे घ्यायला बंदी. म्हणजे खेळायचं तर घरचं बरं असायला हवं, किंवा नोकरी सांभाळून खेळायला हवं. "खालच्या क्रमांकाचा व्यावसायिक टेनिसपटू" असा प्राणी तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

याच काळातली एक गंमत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आपल्याला बॅडमिंटनसाठी माहीत आहेत. १९५६ साली परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीतलं नाव. पण तरुणपणी ते टेनिसही उत्तम खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलपर्यंत पोचले आणि रामनाथन कृष्णनकडून हरले. त्यानंतर त्यांनी बॅडमिंटन धरलं. कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षं विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेले. जॅक क्रेमरच्या व्यावसायिक कंपूत येण्याचं आमंत्रण त्यांना आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. ते स्वीकारलं असतं तर विम्बल्डन आणि डेव्हिस कप दोन्ही बंद झाले असते.

कॉम्प्युटर आला

१९६८ साली हौशी-व्यावसायिक ही भिंत पडली आणि मोठ्या स्पर्धा सगळ्यांना खुल्या झाल्या. आता बक्षिसाला पैसे होते, म्हणून येणारे वाढले. पण स्पर्धेत घ्यायचं कोणाला? ते आयोजक ठरवायचे. ज्याच्या नावावर तिकिटं खपतील त्याला आधी. उरलेल्यांनी ओळखीपाळखी काढायच्या.

खेळाडूंनी १९७२ साली एटीपी ही आपली संघटना काढली आणि २३ ऑगस्ट १९७३ रोजी कॉम्प्युटरने काढलेली पहिली क्रमवारी जाहीर झाली. पहिला नंबर रुमानियाचा इली नास्तासे. बायकांची क्रमवारी १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये आली, तिथे पहिली ख्रिस एव्हर्ट.

आम्ही प्रोग्रामर लोक कुठल्याही भानगडीत आधी अल्गोरिदम बघतो. तर सुरुवातीला सरासरी काढायचे, एकूण गुण भागिले स्पर्धा. यात पळवाट अशी की चांगला नंबर आला की कमी खेळा, सरासरी टिकते. १९९० पासून पुरुषांमध्ये ठरावीक सर्वोत्तम स्पर्धांचे गुण धरायला लागले. आणि मुख्य नियम म्हणजे गुण ५२ आठवडे टिकतात. ५३ व्या आठवड्यात जुने गुण गळून पडतात, रांगेतला पुढचा माणूस बाहेर जावा तसे. म्हणजे गेल्या मार्चमध्ये जे जिंकलात ते या मार्चमध्ये पुन्हा जिंकायचं, तेव्हा कुठे तुम्ही आहात तिथेच राहणार. पाय मुरगळला, आजारी पडलात, घरी लग्न निघालं, यादीला काही देणंघेणं नाही.

हे वाचून मला आमचं अप्रेझल आठवलं. आमच्याकडे वर्षाअखेरीस बेल कर्व्ह नावाचा देव जागा होतो आणि त्याला ठरावीक टक्के माणसांचा नैवेद्य लागतो. एका वर्षी माझाही नंबर लागला होता. पण आम्हाला निदान पगार दर महिन्याला मिळतो. टेनिसवाल्याला पहिल्या फेरीत हरल्यावर जे मिळतं तोच त्याचा त्या आठवड्याचा पगार.

तरीही १९७३ ची यादी आली हे चांगलंच झालं, हे मान्य करायला हवं. आयोजकाची मर्जी गेली आणि नियम आला. बार्शीच्या किंवा रोह्याच्या मुलीला गॉडफादर नसला तरी चालेल, गुण हवेत. प्रश्न एवढाच, की गुण मिळतात कुठे?

पहिला गुण

सगळ्यात खालच्या पायरीला ऐंशी-नव्वदच्या दशकात सॅटेलाइट म्हणायचे. चार आठवड्यांचं एक सर्किट, दर आठवड्याला वेगळं गाव, आणि गुण मिळणार शेवटी, सगळ्या आठवड्यांचा हिशोब झाल्यावर. मध्येच सोडून घरी आलात तर आधी खेळलेलं वाया. १९९८ पासून त्यांच्या जागी फ्युचर्स आल्या, एकेका आठवड्याच्या सुट्या स्पर्धा. त्यांच्या वर चॅलेंजर आणि त्यांच्याही वर आपण टीव्हीवर बघतो ते टेनिस.

१० हजार डॉलरची फ्युचर्स बरीच वर्षं सर्वात लहान स्पर्धा होती. ते १० हजार म्हणजे सगळ्या खेळाडूंचे मिळून. एकेरी जिंकणाऱ्याला १३०० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ११७ डॉलर ५० सेंट. गुणांचं म्हणाल तर जिंकणाऱ्याला १८ आणि पहिली मॅच जिंकून दुसरी हरणाऱ्याला १. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला त्याच यादीत २००० गुण मिळतात. त्या एका गुणासाठी पोरं दुसऱ्या देशात जातात, दोघं-तिघं एका खोलीत राहतात आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतात.

आणि बत्तीस जणांच्या ड्रॉचं गणित बघा. पहिल्या फेरीतच सोळा बाहेर. आठवडाभरात एकतीस मॅच होतात, एकतीस जण हरतात, एक जण न हरता घरी जातो. म्हणजे टेनिस हा बहुतेकांसाठी दर आठवड्याला हरण्याचा धंदा आहे. पेणकराला हे समजायला सोपं जावं. आमच्याकडे आणि हमरापूरला गणपतीचे जे कारखाने आहेत त्यांचे फोटो छापून येतात ते मोठ्या मूर्तींचे. पण धंदा चालतो तो घरोघरी जाणाऱ्या फूट-दीड फुटाच्या मूर्तींवर. त्या नसत्या तर कारखानाच उभा राहिला नसता. तसंच आठशेवा कोणी नसेल तर पाचशेव्याने हरवायचं कोणाला आणि गुण मिळवायचे कुठून?

एका बाजूची दोन मुलं

१९९२ च्या विम्बल्डनला मुलांच्या दुहेरीच्या फायनलमध्ये दोन भारतीय मुलं एकत्र खेळली. महेश भूपती आणि पुण्याचा नितीन कीर्तने. समोर ऑस्ट्रेलियाचे बाल्डास आणि ड्रेपर. पहिला सेट १-६ असा गेला, दुसरा ६-४ असा घेतला आणि तिसरा ७-९ असा हातातून निसटला. दोन गेमचा फरक.

भूपती पुढे अमेरिकेत कॉलेजला गेला, तिथे दुहेरीत विजेता झाला, १९९७ ला फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय ठरला आणि १९९९ ला दुहेरीत जगात पहिला. कीर्तनेचं नाव तेवढं मोठं झालं नाही. भूपतीचं कर्तृत्व मोठंच आहे, वाद नाही. पण १९९२ च्या त्या दिवशी कोर्टाच्या एकाच बाजूला उभ्या असलेल्या दोन मुलांकडे बघून पुढचं सगळं कोणी सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

त्याच पिढीतला गौरव नाटेकर, म्हणजे नंदू नाटेकरांचा मुलगा. वडिलांनी सोडलेला खेळ त्याने घेतला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदकं मिळवली, एक सांघिक आणि एक लिअँडर पेसबरोबर दुहेरीत. १९९६ चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. बापलेक दोघांनाही अर्जुन! पण एटीपीच्या यादीत बघाल तर गौरव कधीही वरच्या नावांत दिसत नाही.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाला क्रमवारीत किती गुण? शून्य. एकही नाही.

एक्सेलमधला आकडा

आता भावोजींच्या प्रश्नाकडे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीएफने, २०१३ सालचे आकडे घेऊन मोठा अभ्यास केला होता. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांमध्ये ८,८७४ पुरुष आणि ४,८६२ बायका खेळल्या. त्यांपैकी ३,८९६ पुरुषांना आणि २,२१२ बायकांना वर्षभरात बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस जण! वरच्या एक टक्का पुरुषांनी, म्हणजे जेमतेम पन्नास जणांनी, एकूण बक्षिसातले ६० टक्के नेले.

वर्षाचा सरासरी खर्च पुरुषांना ३८,८०० डॉलर आणि बायकांना ४०,१८०. यात विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, धुलाई सगळं आलं, पण कोच नाही. तेव्हाच्या भावाने बायकांचा खर्च साधारण साडेतेवीस लाख रुपये होतो. आणि तो सेल, ज्याच्यासाठी मी अडकलो होतो... खर्च आणि बक्षीस समान होण्यासाठी पुरुषाचा नंबर लागत होता ३३६ आणि बाईचा २५३.

दोनशे त्रेपन्न. आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर एवढी माणसं बसतात. जगातला दोनशे त्रेपन्नावा सॉफ्टवेअर इंजिनियर कोण असेल ते असो, त्याला घरभाड्याची काळजी नसणार. टेनिसमध्ये त्या जागेवर तुम्ही फक्त बुडत नाही, एवढंच.

आयटीएफने यावर उपाय केला तो वाचून मला आमचे रिलीज आठवले. २०१७ पासून १० हजारच्या स्पर्धा १५ हजारच्या झाल्या, ते ठीक. २०१९ च्या जानेवारीत मात्र या स्पर्धांमधले एटीपी-डब्ल्यूटीएचे गुणच काढून टाकले आणि वेगळी यादी सुरू केली. हेतू असा की खऱ्या व्यावसायिकांची संख्या कमी करावी, म्हणजे उरलेल्यांचं पोट भरेल. परिणाम असा की अनेकांचा नंबर एका झटक्यात गेला आणि वर चढायचा जिनाच दिसेना. इतकी बोंबाबोंब झाली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत आणावे लागले. प्रोडक्शनमध्ये टाका, आरडाओरडा ऐका, रोलबॅक करा. सगळीकडे सारखंच!

हे जुने आकडे, आता बरं असेल, असं मलाही वाटलं. तर सुमित नागलची मुलाखत सापडली, सप्टेंबर २०२३ ची. भारताचा एकेरीतला पहिला नंबर, जगात १५९ वा, आणि तो सांगतोय की बँकेत ९०० युरो शिल्लक आहेत, म्हणजे ऐंशी हजार रुपये. वर्षाचा खर्च सुमारे एक कोटी. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच माणसाने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि त्या जुलैत तो ६८ व्या नंबरपर्यंत गेला. तो खेळायचं चार महिन्यांत शिकला नव्हता. २०२४ पासून एटीपीने वरच्या अडीचशे पुरुषांना किमान उत्पन्नाची हमी द्यायला सुरुवात केली, १७६ ते २५० नंबरवाल्यांना वर्षाला ७५ हजार डॉलर. चांगलं पाऊल आहे. २५१ व्याने मात्र काय करायचं ते त्यात नाही.

बार्शीची मुलगी

हे सगळं पुरुषांचं, शहरांचं. रोह्यासारख्या तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी कोणी आहे का, हे मी शोधत होतो. आणि आहे. प्रार्थना ठोंबरे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची, जन्म १९९४. बार्शी भगवंताच्या देवळासाठी प्रसिद्ध, टेनिससाठी नव्हे. तिथून सुरुवात करून ती पुढे हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत गेली. तिची कमाई प्रामुख्याने दुहेरीतली, आयटीएफच्या छोट्या स्पर्धांमधली, ज्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते.

२०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिला सानियाबरोबर दुहेरीत ब्राँझ मिळालं. मग २०१६ चं रिओ. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती, त्यामुळे तिला जोडीदार निवडता आली आणि प्रार्थनाचं नाव लागलं. आपला नंबर पोचत नाही तिथे दुसऱ्याचा नंबर घेऊन जातो. यावर नाक मुरडता येईल. पण पुढची मॅच बघा. समोर चीनच्या पेंग श्वाई आणि झांग श्वाई. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा ७-५ जिंकला, तिसरा ५-७ हरला. पावणेतीन तास! बार्शीची मुलगी ऑलिंपिकमध्ये पावणेतीन तास, शेवटच्या दोन गेमपर्यंत उभी होती.

रिओला टेनिसमध्ये क्रमवारीचे गुण ठेवलेच नव्हते. म्हणजे तिथेही शून्य.

हीच गोष्ट ऋतुजा भोसलेची. श्रीरामपूरला जन्म, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत टेक्सासमध्ये कॉलेज, मग पुन्हा तेच खालचं सर्किट. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची फायनल खेळली. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला आणि सुपर टायब्रेक १०-४ जिंकला. सुवर्ण. पुढच्याच जानेवारीत बोपण्णा वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. ऋतुजाच्या खात्यात त्या फायनलचे गुण? विचारू नका.

म्हणजे मराठी माणसाला ज्या मॅच आठवतात, ज्यासाठी आपण पेढे वाटतो, त्या यादीच्या लेखी झालेल्याच नाहीत. आणि यादी ज्यावर चालते त्या मॅच आपण बघत नाही. तरी लग्नात भेटल्यावर खेळाडूला विचारतो काय? "मग, सध्या कितवा नंबर?"

घराजवळची स्पर्धा

एक गोष्ट एक्सेलने मात्र स्वच्छ दाखवली. खर्चाचा सगळ्यात जाड रकाना प्रवासाचा. युरोपातला पोरगा ट्रेनने शेजारच्या देशात जाऊन गुण घेऊन येतो. आपल्या पोरांना त्याच एका गुणासाठी विमान. म्हणून गावाजवळ स्पर्धा असणं हीच खरी मदत आहे. १९९६ साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढे एकवीस वर्षं चेन्नईत झालेली एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला बालेवाडीत आली. २०१९ ची फायनल केविन अँडरसन आणि कार्लोविच यांच्यात झाली, तिन्ही सेट टायब्रेकमध्ये. २०२३ नंतर ती स्पर्धा हाँगकाँगला गेली. सगळ्यांना वाईट वाटलं. मलाही. पण मुक्ताच्या दृष्टीने बघितलं तर बालेवाडीत चॅलेंजर असणं, मुंबईत बायकांची स्पर्धा असणं आणि त्यांच्या खाली लहान-लहान स्पर्धा असणं जास्त कामाचं. २०१७ मध्ये मुंबईची ती स्पर्धा एकोणीस वर्षांच्या एका मुलीने जिंकली होती, तेव्हा तिचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. अरिना सबालेंका. सहा वर्षांनी ती जगात पहिली झाली.

असो. मागच्या शनिवारी एक्सेल घेऊन पुन्हा रोह्याला गेलो. भावोजींना स्क्रीन दाखवली. आकडे वाईटच होते, लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सांगितलं की यातून पैसे सुटतील असं समजून करू नका. दहावीपर्यंत पुणे-मुंबईच्या स्पर्धा पुरेत, मग कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा रस्ता बघता येईल, अभ्यास सोडला तर तो रस्ताही बंद. मग प्रार्थनाची गोष्ट सांगितली, रिओची, सेट-बाय-सेट.

मुक्ता या वेळी समोर बसली होती. म्हणाली, "मामा, त्या मॅचला किती गुण होते?"

"शून्य."

"मग तुझ्या एक्सेलमध्ये ती कुठल्या रकान्यात आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताई हसली. भावोजी हसले नाहीत, त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, पेनड्राइव्हवर टाकून ठेव, सावकाश बघतो.

रविवारी पहाटे साडेचारला बाहेर आवाज आला म्हणून उठलो. खिडकीतून बघितलं तर भावोजी गाडीच्या काचेवरचं दव पुसत होते, आणि मुक्ता रॅकेटची बॅग मागच्या सीटवर ठेवत होती. पेनड्राइव्ह टीव्हीवर होता, मी ठेवला तिथेच.